आठ नंबरच्या बटणाजवळचा आरसा

मंगळवार, ७ ऑक्टोबर २००३
पुसेगाव तांडा

ही डायरी विकासची. कोण्या वाहिनीवाल्याने जानेवारीत भेट दिली होती. तेव्हापासून टीव्हीच्या स्टँडचा एक पाय तिच्यावर टेकलेला होता. आता स्टँड विटेवर उभा आहे आणि डायरी माझ्याकडे. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण वहीत लिहिलेलं कोणाला ऐकू जातं? घरात आम्ही गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली, बोलतो. ती लिहायला शाळेत कोणी शिकवली नाही, म्हणून इथे सगळ्यांनाच मराठीत बोलायला लावणार आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विकास खांबावरून पडला. मांडीचं हाड मोडलं. नांदेडला सळई घातली, डॉक्टरांनी संक्रांतीपर्यंत खाटेवर राहा म्हणून सांगितलं. तेव्हापासून जगदंबा केबल मी चालवते. म्हणजे पत्र्याच्या खोलीत बसते, मशीन गरम झाली की पंखा फिरवते आणि लोकांच्या शिव्या ऐकते. पुसेगाव आणि तांडा मिळून तीनशे बारा घरं.

आज देविदास भावजी, विकासचा धाकटा भाऊ, ओसरीवर बसून म्हणाले, "वैनी, हिंगोलीचा केबलवाला मागून राहिला लाईन. आज द्यायला तयार हाय, उद्या फुकट बी घेणार न्हाई. दिवाळीच्या अमावस्येला मोजू. तीनशेच्या खाली घरं गेली तर देऊन टाकू. मंजूर?"

विकास खाटेवरून नुसतं "हूं" म्हणाला. सासूबाई, म्हणजे याडी, ज्वारी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. याडी म्हणजे आई, पण माझ्या बाबतीत तो शब्द अजून नुसता शब्दच आहे. त्या भावजींच्या बाजूच्या आहेत हे मला लग्नापासून माहीत आहे.

मला ही खोली सोडायची नाही. कोणाला सांगितलं नाही, इथे लिहून ठेवते. दहावी झाल्यावर पहिल्यांदा मला काहीतरी येतंय असं वाटतंय. लाईन गेली तर विकासचा पाय बरा झाला तरी आम्ही दोघं कोयता घेऊन उसाला जाणार. आणि उसाचं नाव या घरात कोणी काढत नाही. दोन वर्षांपूर्वी नणंद मिना फडातच साप चावून गेली.

टीव्हीच्या डोक्यावर आजही रुपया पडला होता. कोण ठेवतं कोण जाणे. काडेपेटी संपली होती, बरं झालं, त्यातून आणली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज नांदेडहून एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग, नाव शिवशंकर. 'महाध्वनी' नावाची नवी बातम्यांची वाहिनी आहे, तिचा प्रतिनिधी. मला "मॅडम" म्हणाला. मी मागे वळून पाहिलं, कोणी दुसरं उभं आहे का म्हणून.

त्याला नंबर पाहिजे, तोही एक ते आठमधलाच.

हे मला विकासने समजावलं होतं. आमच्याकडचे बहुतेक सेट जुने, आठ बटणांचे. मशीनमधून ज्या नंबरवर वाहिनी सोडू त्या बटणाला ती दिसते. रंगीत रिमोटवाल्यांना पन्नास दिसतात, पण तांड्यात तसे चारच सेट आहेत. बाकीच्यांचं जग आठाला संपतं. म्हणून मोठमोठ्या वाहिन्या या आठ बटणांसाठी भांडतात. बाजारात रस्त्याला लागून जागा धरायला भांडतात तसंच.

मी विचारलं, "आमचंच गाव काहून?"

"मॅडम, तुमचा एरिया आमच्या कंपनीसाठी फार महत्त्वाचा आहे. वरून आदेश आहे. दिवाळीच्या आत झालंच पाहिजे."

बदल्यात महाध्वनीची मशीन देईल, तांड्याच्या लाईनीला नवा ॲम्प्लिफायर देईल. तांड्यात चित्रात मुंग्या येतात म्हणूनच घरं गळत आहेत.

जाताना त्याने विचारलं, "नामाजी पाटलांच्या घरी आपलीच तार आहे ना? त्यांचा सेट कसला?"

म्हटलं, जुनाच आहे, आठ बटणांचा. तो वहीत लिहून घेऊन पाहायला गेला. नामाजींचं घर पुसेगावात, लाईनीच्या शेवटी आहे. तिथे चित्र स्वच्छ आलं म्हणजे सगळीकडे आलं, असा हिशेब असावा. कंपनीची माणसं अभ्यास करून येतात, आपल्यासारखी नाहीत.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

कोणता नंबर काढून द्यायचा? सकाळपासून हेच.

एक आणि दोन दूरदर्शन. तिथे हात लावता येत नाही, कायदा आहे. तीनवर मराठी मालिका. ती हलवली तर पुसेगावच्या बायका लाटणी घेऊन येतील. चारवर क्रिकेट, ते हलवलं तर पुरुष येतील, आणि ते लाटण्याशिवायही वाईट. पाचवर सिनेमे. सहावर देवाधर्माची वाहिनी. सातवर हिंदी मालिका.

दुपारी देवाधर्मवाल्यांचा परभणीहून फोन आला. त्यांना वास कसा लागला देव जाणे. "ताई, सहावरून आम्हाला काढू नका. तुमच्या यजमानांसाठी आम्ही जप लावतो." लगेच मागून सिनेमावाल्याचा फोन. तो म्हणाला, पाच नंबर त्यांचा हक्काचा आहे. हक्क कुठून आला विचारलं तर फोन कट. जन्मात मला एवढे फोन आले नाहीत. एकाला हो म्हणावं तर दुसरा सिग्नल बंद करील. माझी अवस्था घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं अशी आहे.

राहिला आठ. आठ नंबर आमचा स्वतःचा. त्यावर दुपारी सिनेमाची कॅसेट, मग गावच्या सूचना. रेशन आलं, बकरी हरवली, पोलिओचा डोस आहे. आणि मंगळवारी-शुक्रवारी, शिवाय दिवाळीच्या अमावस्येला, चार वाजता तांड्याची टेप. विकासने चार वर्षांपूर्वी भाड्याचा कॅमेरा आणून बायकांची गाणी आणि दिवाळीचा मेरा, म्हणजे पोरी दिवे घेऊन दारोदार ओवाळणी मागतात तो, त्यात धरला होता. तांड्यातल्या म्हाताऱ्या ती टेप अजून पाहतात. याडी तर चारच्या आधीच टीव्हीसमोर जाऊन बसतात. त्यांना आकडे वाचता येत नाहीत, म्हणून आठव्या बटणाजवळ त्यांनी ओढणीतला एक आरसा डिंकाने चिकटवला आहे. कोणत्या ओढणीतला काढला विचारलं तर सूप घेऊन ज्वारी पाखडायला बसल्या. त्यांचं पाहून अर्ध्या तांड्याने आरसे चिकटवले.

टीव्हीवर आज परत रुपया. ठेवणारा विसराळू दिसतोय.

रविवार, १२ ऑक्टोबर

पुसेगावात चार घरांनी तार काढली, तांड्यात दोन. तीनशे सहा. भावजींनी हिंगोलीवाल्याला चहाला बोलावलं होतं. त्याने आमची पत्र्याची खोली बाहेरूनच पाहिली आणि हसला.

याडी दुपारी कुठेतरी जातात. चप्पल घालत नाहीत, ऊन बघत नाहीत. संध्याकाळी येऊन पाय चोळत बसतात. सुनेच्या चहाड्या सांगायला एवढं चालायची गरज नाही, त्या इथे बसूनही सांगता येतात.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

दिला आठ नंबर.

दुसरा मार्गच नव्हता. शिवशंकरने कागद आणला, मी सही केली, माझ्या नावाने. आयुष्यातली पहिली सही जी शाळेच्या किंवा बँकेच्या कागदावर नाही. महाध्वनी आठवर सोडली आणि आमची गावची वाहिनी चौदावर नेली. ॲम्प्लिफायर खांबावर बसला. तांड्यात चित्र आता आरशासारखं स्वच्छ आहे.

विकासला सांगितलं तेव्हा म्हणाला, "आठ?"

"मंग दुसरा कोन्ता देऊ?"

"टेप कुठं लागंल?"

"चौदावर. आपल्या मशीनच्या खोलीत रंगीत सेट हाय. याडीला म्हना तिथं येऊन बघा."

तो भिंतीकडे तोंड करून झोपला. पाय दुखत असेल. माणसाने एवढं करावं आणि शाबासकी भिंतीला मिळावी.

चार वाजता याडी नेहमीसारख्या बसल्या. आरशाजवळचं बटण दाबलं. टाय लावलेला एक माणूस ओरडत होता. त्यांनी बटण सोडलं, परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. मग टीव्ही बंद केला आणि तशाच काळ्या काचेसमोर बसून राहिल्या, टेप संपायची वेळ होईपर्यंत. मी म्हटलं, "याडी, तिकडं खोलीत लागलीया, चला." त्या उठून शेळ्यांकडे गेल्या.

मला राग आला. मग रागाचा राग आला. झोप नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

शेजारची रूपाबाई भांडायला आली. "संगिता, आमचं बटण इकलंस व्हय गं? आमच्या पोरी, आमची गानी, अन् तिथं कोन बोंबलून राहिला त्यो?"

मी म्हटलं, "चित्र साफ झालं न्हवं?"

"साफ चित्रात कोन दिसतंय ते बी बघावं लागतं, माय."

तांड्यातल्या नऊ घरांनी उद्या तार काढणार म्हणून सांगितलं आहे. तीनशे सहातून नऊ गेले. मला वजाबाकी येते, म्हणूनच झोप येत नाही. ज्याच्यासाठी आठ दिला तो तांडाच हातचा जाणार. आगीतून निघून फुफाट्यात.

दुपारी मशीनच्या खोलीत तांड्याची टेप लावून पाहिली. शेवटाकडे एके जागी चित्र फाटतं, पट्टे येतात. तेवढीच जागा झिजली आहे, पुढची-मागची चांगली. पोरी मेरा मागत आमच्या दारात येतात, ती जागा. रूपाबाईची पोरगी, थावराच्या दोघी, मिना, हातात दिवे. कोणीतरी परत परत मागे नेऊन पाहिल्याशिवाय अशी झिजत नाही. आमचं प्लेअरच खराब असणार, तिथेच येऊन अडत असेल.

आता ती कोणाला दिसतही नाही, म्हणून विकासला विचारलं की यावर दिवाळीचा सिनेमा भरू का, नवी कॅसेट आणायला हिंगोलीला कोण जाणार. तो पोळ्यापासून माझ्यावर आवाज चढवून बोलला नव्हता. आज ओरडला. "त्या टेपला हात लावायचा न्हाई!"

बरं. नाही लावत. ओरडायला काय झालं?

काडेपेटीला रुपया शोधला. टीव्हीवर नव्हता.

सोमवार, २० ऑक्टोबर

नवलच आहे. नऊपैकी सहा घरांनी तार काढलीच नाही. तीनशे तीन. मी जाऊन कारण विचारलं तर एक म्हणाली "बघू दिवाळीपर्यंत", दुसरी नुसती हसली. नव्या ॲम्प्लिफायरचा गुण. चांगल्या वस्तूला लोक ओळखतात.

शिवशंकर आज आठवड्यात तिसऱ्यांदा आला. आला की आधी नामाजींकडे. तिथे बसून आठ नंबर दाबतो, चित्र बघतो, चहा पितो, मग इकडे येतो. नामाजींकडे चुना लावणं चालू आहे, ओट्यावर नवीन गादी उन्हात टाकली आहे. म्हातारा एरवी मेंढरांच्या पाठीमागे असतो, आज कटिंग करून आला होता. दिवाळी आहे, करतात लोक. त्यांची मुलगी सुकन्या वैशाखात मुंबईला दिली, ती येणार असेल.

"मॅडम, पंचवीस तारखेला काही गडबड नको हां. लाईट, वायर, काहीच नाही," शिवशंकर चार वेळा म्हणाला.

एवढी मोठी कंपनी, आणि आमच्या तीनशे घरांची एवढी काळजी. मला थोडा अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू, बराच वाटला.

बुधवार, २२ ऑक्टोबर

दिवसभर लाईट नाही. पुसेगावातलं एक घर गेलं. तीनशे दोन. याडींच्या टाचेला भेग पडून रक्त आलं आहे. कुठे फिरता विचारलं. "कुठं न्हाई," म्हणाल्या.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

नामाजींच्या घरी आज चित्र गेलं. फोन नामाजींचा नाही, नांदेडहून शिवशंकरचा. त्याला तिथे बसून कसं कळलं याचंही मला नवल वाटलं नाही, इतकी मी शहाणी. शिडी घेऊन गेले. धाब्याच्या छतावर तारेच्या जोडात मुंगळ्यांनी घर केलं होतं. जोड साफ करून खाली आले, तर सुकन्याची आई, सिंधूबाई काकू, चकल्या पाडत होत्या. माझ्या हातावर दोन ठेवल्या.

"बरं झालं बाई आलीस. जावईबापू पहिल्या दिवाळसणाला येऊन राहिले ना परवा. त्यांच्याच कंपनीचं हाय न्हवं ते आठ नंबर. मोठे सायब हायेत तिथं. त्यो नांदेडचा पोरगा रोज जिवाला घोर लावतो. म्हनतो, काकू, सायबांनी सासुरवाडीत बटण दाबलं की आपलं चॅनल दिसलंच पाहिजे, न्हाई तर माही नोकरी गेली."

चकली तोंडात तशीच राहिली.

घरी येईपर्यंत सगळं जुळत गेलं. जुना सेट, लाईनीचं शेवटचं घर, पंचवीस तारीख. तीनशे दोन घरं कंपनीला कधी दिसलीच नव्हती. त्यांना एक घर पाहिजे होतं, त्यातला एक सेट, त्यावरचं एक बटण. आणि मी एका जावयाच्या दिवाळसणासाठी अख्ख्या तांड्याचं बटण देऊन बसले. वर सही केली. वर अभिमान वाटून घेतला. मशीनच्या खोलीत बसून आधी हसले, मग खूप रडले. पंख्याच्या आवाजात कोणाला कळलं नाही.

आठ परत घेतला तर तो ॲम्प्लिफायर काढून नेईल. ॲम्प्लिफायर गेला की मुंग्या, मुंग्या आल्या की घरं गेली. परवा भावजी मोजणार. नाही घेतला तर तांड्याच्या दिवाळीत टायवाला ओरडणार.

शेवटी विकासला सगळं सांगितलं. तो कोपरावर जरा उठला. मग म्हणाला, "त्याला एकच घर पायजे ना? मंग एकच घर दे."

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आज जे केलं ते आधी कोणी केलं असेल असं वाटत नाही.

महाध्वनीची छत्री, रिसीव्हर, मशीन, सगळं काढून बैलगाडीत घातलं आणि नामाजींच्या धाब्यावर नेऊन बसवलं. त्यांच्या घरापुरतं आठ नंबरवर महाध्वनी. बाकी सगळ्या गावाला आठ नंबर परत आपला. पहिल्यांदा लावलं तेव्हा त्यांच्या टीव्हीत दोन्ही चित्रं एकमेकांत घुसली. टायवाल्याच्या तोंडावर आमची बकरी हरवल्याची सूचना. नामाजींच्या घरच्या फोनवरून विकासला विचारलं. तो खाटेवरून सांगत गेला, "माह्या पेटीत पितळेची डबी हाय, आठ नंबर गाळायची. आपल्या तारेला ती लाव. उलटी नको. आता सावकाश पिळ." पाऊण तास तो बोलत होता आणि मी पिळत होते. लग्नानंतर आम्ही एवढं कधी बोललो नाही.

शिवशंकर मधेच आला आणि बघून पांढरा पडला. "मॅडम, करार सगळ्या लाईनीचा आहे."

मी म्हटलं, "भाऊ, सगळ्या लाईनीचा जावई येऊन राहिला का?"

तो ओट्यावर बसला. शर्टाची इस्त्री मोडली होती. म्हणाला, "मला दोन लेकरं आहेत, ताई." मॅडमची ताई झाले. भीती माझ्याकडेच आहे असं मला वाटत होतं. त्याचा चेहरा माझ्यासारखाच दिसत होता. मी त्याला सांगितलं, साहेबांनी बटण दाबलं की तुमचंच चॅनल दिसेल, याची जबाबदारी माझी. ॲम्प्लिफायर मात्र खांबावरच राहील. त्याने देवाची शपथ घ्यायला लावली. घेतली.

शनिवार, २५ ऑक्टोबर
अमावस्या

आजचं आजच लिहायचं.

साडेतीनला शिवशंकरने मला नामाजींकडे बोलावून घेतलं. गडबड झाली तर कोणीतरी पाहिजे म्हणून. जावईबापू नव्या गादीवर, कपाळाला कुंकू. साधा माणूस, झोप न झालेला. शिवशंकर टीव्हीजवळ उभा होता, लग्नातल्या करवल्यासारखा. सुकन्या आली आणि तिनेच आठचं बटण दाबलं. टायवाला.

ती म्हणाली, "बाबा, आपल्या गावचं आठ नंबर कुठं गेलं? आज तांड्याचा मेरा लागतो ना चार वाजता?"

नामाजी शिवशंकरकडे बघू लागले. शिवशंकर माझ्याकडे. जावईबापू हात जोडून म्हणाले, "अहो, बंद करा ते. वर्षभर तेच बघतो मी. दोन दिवस तरी सुटका द्या. तिला पाहिजे ते लावा."

मी धाब्यावर चढले आणि पितळेची डबी काढून टाकली, महाध्वनीची मशीन बंद केली. खाली आले तेव्हा शिवशंकर चकली खात होता. बऱ्याच दिवसांनी जेवल्यासारखा.

तिथून पळत घरी. टेप विकासने खाटेवरून भावजींना सांगून सुरू करवली होती. भावजी मशीनच्या खोलीच्या दारात वही घेऊन उभे. म्हणाले, "वैनी, तीनशे तीन. एक घर परत जोडून मागून राहिलं." मग तिथेच घुटमळले. "घर मोजायला गेलो तर तांड्यात जो तो सांगून राहिला, तुमची याडी येऊन गेली. दारात बसती, म्हनती, माही सून एकली मशीन सांभाळून राहिली, अमावस्येपर्यंत तार काढू नका, माह्या गळ्याची आन हाय. पुसेगावात बी गेली ती. मला वाटलं, तिला लाईन इकायची हाय."

मला काय वाटत होतं ते वर या वहीतच लिहिलेलं आहे, पुसता येत नाही.

ओसरीत आले. विकास खाटेवर, याडी जमिनीवर, टीव्हीच्या अगदी जवळ. टेप त्या झिजलेल्या जागेवर आली होती. आडवे पट्टे, आणि पट्ट्यांतून आमचंच दार. पोरी दिवे घेऊन येतात, घराघरातल्या आईला मेरा मागतात, आई त्यांच्या हातावर पैसे ठेवते. मिना पुढे आली, दिवा धरला, याडी म्हणून हाक मारली. तिच्या ओढणीवर आरसे चमकत होते. खांद्यावरचा, आठव्या बटणाजवळ आहे तसाच गोल, तसाच लहान.

याडींनी कमरेची पिशवी सोडली. एक रुपया काढला, मिनासमोर धरला आणि टीव्हीवर ठेवला.

मी दाराला धरून उभी राहिले. किती मंगळवार, किती शुक्रवार. मी ते उचलून काडेपेट्या आणल्या. मला लाज वाटली, इतकी की आत जाववेना. मग गेले आणि याडींच्या शेजारी जमिनीवर बसले. त्यांचा भेगाळलेला पाय मांडीवर घेतला आणि तेल लावू लागले. त्यांनी काढून घेतला नाही. नुसत्या म्हणाल्या, "चित्र साफ दिसून राहिलं आज. तुहा खांबावरचा डबा चांगला हाय."

बाहेर अंधार पडला तशा खऱ्या पोरी दिवे घेऊन दारात आल्या.

पोरी गेल्यावर मी विकासला बजावलं, "आजपासून टीव्हीवरचा रुपया कोनी उचलायचा न्हाई."

तो म्हणाला, "म्या कवा उचलला?"